चामड्याच्या दुकानावरचा स्टुडिओ : जो मीकने रॉकला काय दिलं

नाशिकच्या एका तरुण वादकाने विचारलं आहे : ‘आम्ही चौघं घरच्याच एका खोलीत रॉक रेकॉर्ड करतो. जो मीकचं नाव सारखं कानावर येतं, म्हणून त्याची गाणी शोधून ऐकली. निम्मी भाबडी वाटली आणि आवाजही पातळ. मग रॉकवर त्याचा एवढा टिकाऊ प्रभाव आहे असं का म्हणतात? की घरी बसून रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी आपल्यासाठी एक देव शोधून काढलाय?’

तुमच्या कानांनी तुम्हाला फसवलेलं नाही, हे आधी सांगतो. मीक हा १९५० आणि ६० च्या दशकांत लंडनमध्ये काम केलेला रेकॉर्डिस्ट आणि निर्माता. त्याने शेकडो गाणी रेकॉर्ड केली आणि त्यातली बरीचशी आज कुणी आवडीने लावणार नाही. पोरवयातल्या विरहाच्या चाली, गोड गोड शब्द, गळा बेताचा असलेले देखणे गायक. मी पस्तीस वर्षं मुंबईत रेकॉर्डिस्टचं काम केलं, आणि मीकची गाणी मीही चालींसाठी ऐकत नाही. पण ड्रमसमोर माइक ठेवताना, गायकाच्या आवाजामागे इको लावताना किंवा मीटरचा काटा लाल पट्ट्यात जाऊ देताना ज्या माणसांची आठवण होते त्यात तो पहिल्या दोघातिघांत आहे. त्याचा प्रभाव शोधायचा तर चाल बाजूला ठेवून एकच गोष्ट ऐकावी लागते : आवाज कसा असावा हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा?

१९५० च्या दशकातल्या लंडनमध्ये या प्रश्नाचं उत्तर पक्कं होतं. ईएमआय, डेक्का, पाय आणि फिलिप्स या चार कंपन्यांच्या हातात जवळजवळ सगळा धंदा होता. गाणं कंपनीचा पगारी अधिकारी निवडणार, रेकॉर्डिंग कंपनीच्या स्टुडिओत होणार, तंत्रज्ञ नियमाप्रमाणे ठरलेल्या अंतरावर माइक लावणार. हॉलमध्ये जे वाजलं ते शक्य तितकं जसंच्या तसं टेपवर उतरलं की काम चांगलं झालं. ही शिस्त टाकाऊ होती असं मी म्हणणार नाही. मी उमेदवारी केली तेव्हा माझ्या वरिष्ठांनीही मला हेच शिकवलं : वाजलं ते उतरव, आपली अक्कल मध्ये घालू नकोस. साठ माणसांचा ऑर्केस्ट्रा एका टेकमध्ये पकडायचा असतो तेव्हा ही शिकवणच वाचवते. पण चार पोरं, दोन गिटारी, एक ड्रमसेट आणि एक छोटी खोली एवढंच हाताशी असेल, तर ‘जसंच्या तसं’ उतरवून जे मिळतं ते फार केविलवाणं असतं. तुम्हाला ते माहीत आहेच.

मीक १९२९ साली ग्लॉस्टरशायरमधल्या न्यूएंट या लहानशा गावात जन्मला. लहानपणापासून रेडिओ उघडायचा नाद. सक्तीच्या लष्करी सेवेत हवाई दलात रडारचं काम, नंतर वीज मंडळात नोकरी, आणि मग लंडनच्या आयबीसी स्टुडिओत. त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं आणि कुठलं वाद्यही धड वाजवता येत नव्हतं. हे मुद्दाम सांगतो, कारण आवाजाकडे तो कायम वायरी जोडणाऱ्याच्या बाजूने आला.

त्या काळातलं त्याचं एक काम आवर्जून ऐका. १९५६ मध्ये हम्फ्री लिटलटन या जॅझ ट्रम्पेटवादकाच्या बँडने ‘बॅड पेनी ब्लूज’ रेकॉर्ड केलं आणि मिक्सरवर मीक होता. त्याने ड्रमवरच्या ब्रशचा घासता आवाज प्रमाणाबाहेर पुढे आणला आणि पियानोचा डावा हात कंप्रेसर या आवाज दाबणाऱ्या यंत्रातून असा दाबला की प्रत्येक सूर जाडजूड, ठोकल्यासारखा येतो. लिटलटनला हे मुळीच रुचलं नव्हतं. वेळेवर कळलं असतं तर आपण ते होऊच दिलं नसतं, असं तो नंतर सांगत असे. पण रेकॉर्ड विकली गेली, आणि जॅझची रेकॉर्ड ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत वीसच्या आत आली. ती पार्लोफोन या लेबलवर निघाली होती. त्या लेबलचा तेव्हाचा प्रमुख जॉर्ज मार्टिन. बारा वर्षांनी त्याच मार्टिनच्या देखरेखीखाली बीटल्सनी ‘लेडी मॅडोना’ केलं. त्यातला पियानो आणि हा पियानो लागोपाठ ऐका. मला वेगळं काही सांगावं लागणार नाही.

कंप्रेसर हे यंत्र तोपर्यंत पोलिसासारखं वापरलं जाई : आवाज अंगावर आला तर दाबायचा, म्हणजे टेप किंवा प्रसारण बिघडणार नाही. काम चोख झालं असेल तर ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताच लागत नसे. मीकने तो पत्ता लागू दिला. गायक श्वास घेतो तेव्हा मागचं संगीत उसळून वर येतं आणि तो गायला लागला की खाली बसतं. आवाज फुफ्फुसासारखा आत-बाहेर होतो. रॉकमध्ये आज हे इतकं अंगवळणी पडलंय की ते नसेल तर मिक्स मेलेलं वाटतं.

आयबीसीत आणि नंतर निर्माता डेनिस प्रेस्टनच्या लॅन्सडाउन स्टुडिओत त्याचं कुणाशी फार काळ पटलं नाही. १९६० मध्ये त्याने ट्रायम्फ नावाचं लेबल काढून पाहिलं. मायकेल कॉक्सचं ‘अँजेला जोन्स’ पहिल्या दहांत गेलं, पण मागणीइतक्या तबकड्या छापून घेणं त्या छोट्या लेबलला जमेना. एका खेळणी आयात करणाऱ्या व्यापाऱ्याच्या पैशावर मग त्याने उत्तर लंडनमध्ये ३०४, होलोवे रोड इथे भाड्याने जागा घेतली. खाली चामड्याच्या वस्तूंचं दुकान, वर तीन मजले. समोर वाहता रस्ता. आवाज अडवायची धड सोय नाही. वादक एका खोलीत, मिक्सर आणि मशिनं शेजारच्या त्याहून लहान खोलीत, गायकाला लागेल तेव्हा न्हाणीघरात उभा करायचं, कारण फरश्यांवरून आवाज छान परततो. तंतुवाद्यवाले जिन्यात. जमिनीवर वायरींचं जाळं आणि टेपचे तुकडे. खालून मालकीण झाडूच्या दांड्याने छत ठोकायची, अशी तिथे वाजवलेल्या बऱ्याच जणांची आठवण आहे.

तुम्ही ‘पातळ आवाज’ म्हणालात त्याचं मूळ माझ्या मते याच घरात आहे. त्याच्याकडे आजच्यासारखे अमर्याद ट्रॅक नव्हते. आधी बास, ड्रम आणि ऱ्हिदम गिटार टेपवर घ्यायची, मग ती टेप वाजवत तिच्याबरोबर गायकाला गाऊन घ्यायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्या मशिनवर उतरवायचं. मग त्यावर कोरस. मग त्यावर आणखी काही. टेपवरून टेपवर अशी प्रत्येक उडी घेताना वरच्या पट्टीतली चकाकी थोडी जाते आणि खरखर थोडी वाढते. म्हणून चकाकी आधीच जास्तीची भरून ठेवावी लागते. टेपवर काम केलेल्या प्रत्येकाने हे केलंय, मीही केलंय. वर पुन्हा ही गाणी ट्रान्झिस्टरच्या तळहाताएवढ्या स्पीकरवर ऐकली जाणार होती. तेव्हा ती महागड्या हेडफोनवर ऐकून निकाल देऊ नका. जुन्या रेडिओवर किंवा मोबाइलच्या एकुलत्या स्पीकरवर लावा, म्हणजे त्याने कुणासाठी मिक्स केलं होतं ते कळेल.

आता ‘टेलस्टार’. १० जुलै १९६२ ला टेलस्टार उपग्रह सोडला गेला आणि अटलांटिक ओलांडून टीव्हीची चित्रं आली. मीक अंतराळाने झपाटलेलाच होता. दोन वर्षांपूर्वी त्याने ‘आय हिअर अ न्यू वर्ल्ड’ नावाचं चंद्रावरच्या जीवनाचं कल्पनासंगीत केलं होतं. नळीने पाण्यात बुडबुडे काढून, बाटल्या वाजवून, टेप पळवून. त्यातली चारच गाणी तेव्हा बाहेर पडली, पूर्ण अल्बम निघायला १९९१ उजाडलं. उपग्रहाची बातमी पाहून त्याला चाल सुचली. वाद्य येत नसल्याने त्याने ती गुणगुणून टेप केली. त्या गुणगुणण्याचे सूर कुठलेकुठे भरकटतात, आणि त्यातून टोर्नाडोज या बँडने गाणं बसवलं. त्यांना गायक बिली फ्युरीच्या कार्यक्रमांसाठी परत जायचं असल्याने ते घाईत वाजवून गेले. मुख्य चाल नंतर मीकचा सहकारी जेफ गोडार्ड याने क्लेव्हायोलिनवर वाजवली.

हे वाद्य आपल्याकडच्या जुन्या मंडळींना नव्याने सांगायला नको. ‘नागिन’ मधली बीन आठवते? १९५४ च्या त्या चित्रपटात हेमंतकुमारांच्या संगीतात कल्याणजींनी जी पुंगी वाजवली, ती याच क्लेव्हायोलिनवर. जुन्या रेडिओसारखा व्हॉल्व्हवर चालणारा, एका वेळी एकच सूर देणारा छोटा कीबोर्ड. मुंबईत त्याने साप डोलवला, लंडनमध्ये आठ वर्षांनी उपग्रह उडवला. दोघांनी कुणाचंही अनुकरण केलेलं नाही, एकमेकांना ते ओळखतही नसतील. मला यात एकच महत्त्वाचं दिसतं. पाश्चात्त्य वाद्यांची नक्कल करायला बनवलेल्या यंत्रातून दोघांनीही ज्याचं नाव वाद्यांच्या यादीत नाही असा आवाज बाहेर काढला.

‘टेलस्टार’ ऑगस्ट १९६२ मध्ये निघालं, ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेतही. ब्रिटिश बँडने अमेरिकेत पहिला क्रमांक गाठण्याची ती पहिलीच वेळ. बीटल्सना तिथे पोचायला अजून वर्षाहून अधिक काळ होता. एका घराच्या वरच्या मजल्यावर झालेल्या रेकॉर्डिंगने हे केलं, आणि त्यात गायकच नव्हता. शेवटी शब्द नसलेला एक आवाज आहे, तोही गोडार्डचा.

ऐकताना माझ्यासाठी एक करा. प्रत्येक वाद्य किती ‘लांब’ आहे ते ओळखायचा प्रयत्न करा. बास आणि ड्रम तोंडाशी. गिटार हातभर मागे. क्लेव्हायोलिन कुठे आहे ते सांगताच येत नाही, ते एकाच वेळी कानात आहे आणि क्षितिजावर आहे. तोवरच्या बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये सगळे एका हॉलमध्ये बसलेले असत, त्यामुळे सगळ्यांचा अवकाश एकच असे. इथे प्रत्येकाचा अवकाश निराळा आहे आणि असा हॉल जगात कुठे नाही. एका बाजूला कोरडा, अंगावर येणारा, दाबलेला आवाज, दुसऱ्या बाजूला त्याच गाण्यात अथांग इको. नंतरच्या रॉकमध्ये, पिंक फ्लॉइडपासून थेट आजपर्यंत, जवळ-दूरचा जो भास तुम्हाला आवडतो तो याच विरोधातून उभा राहतो. नुसता इको ओतला की गाणं धुक्यात जातं. जवळचं काहीतरी घट्ट धरून ठेवलेलं असेल तरच दूरचं दूर वाटतं.

त्या इकोसाठीची यंत्रंही त्याने घरी बनवली. बिघडलेल्या हीटरमधल्या स्प्रिंगा वापरून केलेला त्याचा रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमवणारं यंत्र, प्रसिद्ध आहे. स्प्रिंगच्या एका टोकाला आवाजाचा हादरा द्यायचा, दुसऱ्या टोकाशी तो उचलून घ्यायचा, मधल्या वेटोळ्यांत तो पुढेमागे आपटत राहतो. तो डबा तो कुणाला उघडू देत नसे.

ड्रमबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण रॉकची खरी उलथापालथ तिथे झाली. बास ड्रमचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, पुढचा पडदा काढायचा, आत घोंगडी कोंबायची आणि माइक तोंडाशी आणायचा. आज हे कुणीही करतं, तेव्हा मोठ्या स्टुडिओत असा माइक लावला असता तर कानउघाडणी झाली असती. हिशेब साधा आहे. वाद्य आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की थेट येणारा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, पण खोलीत घुमून येणारा जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे जवळ सरकताना तुम्ही आवाज वाढवत असता, आणि त्याबरोबर खोलीही पुसत असता. मीकच्या खोलीत पुसण्यासारखंच बरंच होतं, रस्त्यावरच्या बसगाड्यांसकट. गरजेतून ही सवय लागली आणि तिच्यातून छातीवर बसणारा ठोका मिळाला. बास गिटारची वायर, अँपसमोर (अँप्लिफायरसमोर) माइक लावण्याऐवजी, सरळ मिक्सरमध्ये खुपसणाऱ्या पहिल्या काही जणांतही तो आहे.

१९६६ मध्ये ईएमआयच्या ॲबी रोड स्टुडिओत जेफ इमेरिक या तरुण तंत्रज्ञाने बीटल्ससाठी बास ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला आणि माइक नियमापेक्षा जवळ नेला. त्यावर वरिष्ठांनी जाब विचारला आणि शेवटी फक्त बीटल्सच्या रेकॉर्डिंगपुरती परवानगी दिली, हे इमेरिकने स्वतः सांगून ठेवलंय. याच शहरात काही मैलांवर एक माणूस कित्येक वर्षं हे करत होता, आणि त्याला परवानगी विचारायला वर कुणी नव्हतं.

आणि जिना. १९६४ मध्ये हनीकोम्ब्ज या बँडचं ‘हॅव आय द राइट’ त्याने केलं. तेही पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याला ठोका आणखी जड हवा होता. त्याने बँडला लाकडी जिन्यावर उभं करून तालात पाय आपटायला लावले आणि जिन्याच्या कठड्याला सायकलच्या क्लिपांनी माइक अडकवले. हे गाणं मोठ्याने लावा. कडव्यानंतर जो धबधब ठोका येतो तो नुसत्या ड्रमचा नाही.

१९९६ च्या सुमारास मी हे करून पाहिलं. कॉलेजच्या पोरांचा बँड होता, पैसे बेताचे. एका स्टुडिओत त्यांचे ड्रम आधीच रेकॉर्ड झाले होते आणि पुठ्ठ्याच्या खोक्यासारखे वाजत होते. दुसरे घ्यायला पैसे नव्हते. त्यांच्यातला एक जण गिरगावात चाळीत राहायचा. चाळीचा जिना लाकडी, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. एक माइक सायकलच्या ट्यूबच्या रबराने कठड्याला बांधला, दुसरा वरच्या वळणावर हवेत टांगला. कठड्याच्या माइकने लाकडाचा हादरा पकडला, टांगलेल्याने जिन्याची पोकळी. सहा पोरं हेडफोन एकमेकांच्या कानाला लावून पाय आपटत होती. पहिल्या मजल्यावरचे एक आजोबा बाहेर आले, काय चाललंय ते विचारलं आणि सातवे म्हणून उभे राहिले.

त्या दिवशी एक गोष्ट शिकलो ती आजही उपयोगी पडते. सहा-सात जणांचे पाय एकाच क्षणी पडत नाहीत, कुणी केसभर आधी, कुणी नंतर. त्या केसभर फरकामुळेच तो ‘माणसांचा’ ठोका वाटतो. पुढे संगणक आल्यावर एका उत्साही सहकाऱ्याने तेच रेकॉर्डिंग ग्रिडवर, म्हणजे तालाच्या समान अंतराच्या रेघांवर, नेऊन सगळे पाय एका रेषेत आणले. ऐकलं तर एकच मोठा पाय उरला होता. तुम्ही घरी असं काही केलंत तर ठोके सरळ करायचा मोह टाळा.

१९७०-७१ मध्ये लेड झेपेलिन या बँडसाठी तंत्रज्ञ अँडी जॉन्सने हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूच्या जिन्याखाली ड्रमवादक बॉनहॅमचे ड्रम मांडून वर माइक टांगले. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ चा तो डोंगराएवढा आवाज तिथला. हे मीकचं बघून केलं असं मी म्हणत नाही. जिन्यात आवाज घुमतो हे कुणालाही कळतं. पण घराचा जिना हे रेकॉर्डिंगचं साहित्य असू शकतं ही गोष्ट १९७१ पर्यंत ब्रिटनमध्ये धाडस राहिली नव्हती. ती तशी उरली नाही यात मीकचा वाटा मोठा आहे.

इथेच अतिशयोक्तीलाही आवर घालतो, कारण मीकच्या नावावर वाटेल ते खपवलं जातं. एकावर एक आवाज चढवत नेणं गिटारवादक लेस पॉलने अमेरिकेत १९४० च्या दशकातच करून दाखवलं होतं, आणि मीकला त्याचं काम ठाऊक होतं. रॉक अँड रोलला चिकटलेला तो झटपट परतणारा इको निर्माता सॅम फिलिप्सने मेम्फिसमध्ये १९५४ पासून वापरला. रोजच्या जगातले रेकॉर्ड केलेले आवाज जोडून संगीत करायचं काम पॅरिसमध्ये संगीतकार पिएर शेफेर १९४८ पासून, आधी तबकड्यांवर आणि मग टेपवर, करत होता. मीकने यातलं काहीच शोधलं नाही. त्याने हे सगळं एका भाड्याच्या घरात, एकट्याच्या जबाबदारीवर, तीन मिनिटांच्या बाजारू गाण्यासाठी एकत्र आणलं. प्रयोगशाळेतली गोष्ट त्याने पानाच्या गादीवरच्या रेडिओपर्यंत आणली, असं आपल्याकडे म्हणता येईल.

धंद्याची बाजू थोडक्यात. तो तयार टेप घेऊन कंपनीकडे जायचा आणि हक्क आपल्याकडे ठेवून ती भाड्याने द्यायचा. जॉन लेटनचं १९६१ चं ‘जॉनी रिमेंबर मी’ अशा वाटेने पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि कंपन्यांना बाहेरच्या माणसाची टेप घेणं भाग पडलं. १९६३ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या व्यवस्थापकाने डेक्काशी याच प्रकारचा करार केला. १९६५ मध्ये खुद्द जॉर्ज मार्टिन ईएमआयची नोकरी सोडून स्वतंत्र झाला. तुमच्या चौघांचं गाणं तुमच्या मालकीचं राहतं आणि तुम्ही ते कुठेही देऊ शकता, ही वाट ब्रिटनमध्ये रुळवणाऱ्यांत तो अगदी पुढचा.

त्याला स्वतःला मात्र पैसा लाभला नाही. ‘टेलस्टार’ ची चाल आपल्या चित्रपटसंगीतातून उचलली असा दावा एका फ्रेंच संगीतकाराने लावला आणि मानधन अडकून पडलं. निकाल मीकच्या बाजूने लागला तेव्हा तो जिवंत नव्हता. त्यातच काळ बदलला. १९६४ नंतर बँड स्वतःची गाणी लिहू लागले, स्वतःच्या आवाजाबद्दल आग्रही झाले. मीकला वादक म्हणजे कच्चा माल वाटे आणि ही त्याची खरी मर्यादा होती. रॉकने त्याची हत्यारं घेतली आणि ती बँडच्या हातात दिली. मला हे योग्यच झालं असं वाटतं.

शेवट वाईट आहे. समलिंगी संबंध तेव्हा इंग्लंडमध्ये गुन्हा होता. १९६३ मध्ये त्यावरून त्याला अटक आणि दंड झाला, वर्तमानपत्रात छापून आलं. कर्ज, नैराश्य, सगळे आपल्या कल्पना चोरताहेत हा संशय, औषधांच्या गोळ्या. ३ फेब्रुवारी १९६७ ला त्याने घरमालकीण व्हायोलेट शेंटन यांच्यावर गोळी झाडली आणि मग स्वतःवर. तो ३७ वर्षांचा होता. कायदा त्याच वर्षी जुलैमध्ये बदलला. ‘वेडा प्रतिभावंत’ म्हणून ही गोष्ट रंगवून सांगणाऱ्यांचा मला राग येतो. एक बाई तिच्याच घरात मारली गेली आणि एका आजारी माणसाला वेळेवर उपचार मिळाले नाहीत. त्याच्या कामाचं मोल करायला हा दिवस लागत नाही.

त्याच्या घरातून पुढे गेलेली माणसं मोजली तरी पुष्कळ आहे. डीप पर्पलचा रिची ब्लॅकमोर विशीच्या आतबाहेर असताना तिथे रोजंदारीवर गिटार वाजवत होता. येस या बँडचा स्टीव्ह हाऊ याने पहिली रेकॉर्ड तिथेच केली. टोर्नाडोजमधला गिटारवादक जॉर्ज बेलामी हा म्यूज या बँडच्या मॅट बेलामीचा बाप. म्यूजचं २००६ चं ‘नाइट्स ऑफ सिडोनिया’ लावा आणि त्यावर ‘टेलस्टार’. घोड्याच्या टापांचा तोच ताल, दूरवरून येणारी तीच चाल.

मीकच्या टेपांचं काय झालं हे कळलं की तुम्हाला बरं वाटेल. जवळपास १,८५० टेपा चहाच्या लाकडी पेट्यांत भरलेल्या होत्या. त्याच्याकडे रेकॉर्डिंग केलेल्या एका बँडच्या क्लिफ कूपर नावाच्या मुलाने त्या ३०० पौंडांना घेतल्या. पुढच्याच वर्षी त्याने गिटारच्या अँपची कंपनी काढली, तीच ऑरेंज. २०२० मध्ये त्या पेट्या चेरी रेड या कंपनीकडे गेल्या आणि तेव्हापासून त्यातलं एकेक बाहेर येतंय.

आता तुमच्या खोलीबद्दल. एक गाणं घ्या आणि ते सगळं एकदाच, एकाच जागी रेकॉर्ड करू नका. ड्रमचा माइक वितीवर, अंगाखालची गोधडी आत कोंबून. बासची वायर सरळ मशिनमध्ये. गिटारचा अँप न्हाणीघरात, माइक दाराबाहेर. मग मिक्स करताना फक्त एकाच वाद्याला लांब जाऊ द्या, बाकी सगळी जवळ ठेवा. ते एक वाद्य कुठलं, यावर तुम्हा चौघांचं भांडण होईल तेवढं होऊ द्या. आणि इमारतीला लाकडी जिना असेलच तर शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, दुपारी दोन ते चार सोडून कुठलीही वेळ धरा.